रिळाच्या तुकड्यावर काठाला 'ओरवो' लिहिलंय, ही कुठली कंपनी?

दादा, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या तंबू टॉकीजच्या मागे सापडलेला तुकडा म्हणताय ना, मग ते कॅमेऱ्यातलं निगेटिव्ह नाही, पडद्यावर दाखवायची प्रिंट आहे, आणि काठावरचं नाव फिल्म बनवणाऱ्या कंपनीचं असतं, पिक्चरवाल्याचं नाही.

ओरवो म्हणजे पूर्व जर्मनीतला वोल्फेनचा कारखाना. आधी तिथेच आग्फाची फिल्म बनायची, १९३६ ची आग्फाकलर तिथलीच, पण युद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली, आग्फा नाव पश्चिमेकडे गेलं आणि १९६४ पासून वोल्फेनवाले ओरवो म्हणून विकायला लागले. बेल्जियमची गेवर्ट वेगळी, तिचा गेवाकलर आपल्याकडे ५० च्या दशकात बराच चालला. कोडॅकचा ईस्टमनकलर १९५० चा, आणि माझ्या मते निगेटिव्हमध्ये त्याच्या तोडीचं कुणीच नव्हतं. जपानच्या फुजीने २०१३ मध्ये शूटिंगची फिल्म बंद केली, कोडॅक अजून बनवतंय. आपल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' पण होती बरं का, तिला विसरू नका.

तुकडा गुलाबी पडला असेल तर घाबरू नका, जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो म्हणून तसं दिसतं. फक्त आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, कागदात गुंडाळून थंड, कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका.