वाचकांचे प्रश्न : बाटलीतला पाऊस

प्रश्न : हवामानबदलाचा धडा शिकवला की आठवीची मुलं धास्तावतात. हातानं करण्यासारखं काही सुचवाल?

उत्तर : पर्जन्यमापक करा. सरळ अंगाच्या दोन लिटरच्या बाटलीचा गळा कापून उरलेल्या बाटलीवर नरसाळ्यासारखा उलटा बसवा. बूड खाचखळग्यांचं असतं, बहुतेकांचं मोजमाप तिथंच चुकतं. म्हणून खडे घालून सरळ भागापर्यंत पाणी भरा, तिथं शून्याची खूण करा. झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा. नोंद हवामान खात्यासारखी, सकाळी साडेआठला. मग पाणी पुन्हा शून्यावर आणा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर पाणी. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पडला, तर १००० लिटर! (हा हिशेब मुलांनाच करू द्या.) हे पाणी साठवायचं, तर पुढचं काम पन्हळीचं. पहिल्या सरींचं पाणी मात्र सोडून द्या, त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते.