रेडिंग ते स्विंडन रोज एम४ मोटरवे: सहा हजार पाउंडांत कुठली सेकंडहँड गाडी घ्यावी?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. पुण्याहून येऊन दीड वर्ष झालं, इथली ड्रायव्हिंग टेस्ट नुकतीच पास झालात, राहता रेडिंगला आणि नवी नोकरी स्विंडनला. शिफ्ट पहाटे सुरू होते, त्यामुळे ट्रेन जमत नाही. एका बाजूचे सुमारे ४० मैल, आठवड्याचे पाच दिवस. बजेट ६,००० पाउंड. डोळ्यासमोर दोन गाड्या आहेत: २०१३ ची छोटी डिझेल हॅचबॅक, फक्त ३८,००० मैल चाललेली, आणि २०१५ ची होंडा सिव्हिक १.६ डिझेल, ९६,००० मैल चाललेली. घरचे म्हणतायत कमी चाललेलीच घे.

माझं मत अगदी उलट आहे. पहिली गाडी बघायलाही जाऊ नका. दुसरीचा इतिहास स्वच्छ निघाला तर ती घ्या.

घरच्यांचं म्हणणं कुठून येतं ते कळतं. ९६,००० मैल म्हणजे दीड लाख किलोमीटरच्या वर, आणि पुण्यात एवढी चाललेली गाडी म्हटली की क्लच, सस्पेन्शन, गिअरबॉक्स सगळ्याचा खर्च डोळ्यापुढे उभा राहतो. तिथे ते बरोबरही आहे, कारण ते किलोमीटर सिग्नल, खड्डे आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले असतात. मोटरवेवरचा मैल वेगळा. इंजिन पूर्ण तापलेलं, आरपीएम दोन हजारांच्या आसपास स्थिर, तासाभरात क्लच दाबायची वेळ मोजकीच, ब्रेकवर ताण जवळजवळ नाही. गाडीची झीज होते ती थंड इंजिनाने रोज दोन-दोन मैल फिरण्यात.

आता त्या ३८,००० वाल्या गाडीचा हिशेब करा. बारा वर्षांत ३८,००० म्हणजे वर्षाला तीन हजारांच्या आसपास, आठवड्याला साठेक मैल. म्हणजे शाळा, सुपरमार्केट आणि घर. डिझेल गाडीला याहून वाईट आयुष्य नाही. तिच्या एग्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी धरून ठेवतो. ती काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगात चालावी लागते. तशी ती चाललीच नाही तर फिल्टर तुंबतो, ईजीआर व्हॉल्व्ह (एग्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने भरतो, आणि जाळण्याचे अर्धवट प्रयत्न वारंवार झाले की जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं. बाहेरून गाडी चकचकीत, सीटवर एक डाग नाही, आणि दुखणं सगळं आत. तुमच्या मोटरवेच्या धावेने ती सुधारेलही कदाचित, पण ते मागच्या मालकाचं बिल तुम्ही भरण्यासारखं आहे.

शिवाय २०१३ ची डिझेल म्हणजे बहुतेक युरो ५, प्रदूषणाचा जुना निकष. लंडनच्या यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे भरावे लागतात त्या भागात, डिझेलला युरो ६ लागतं, नाहीतर दिवसाला १२.५० पाउंड. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ ग्रेटर लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांत) आहे. म्हणजे साउथॉल, वेम्बली तर आलंच, हीथ्रोसुद्धा आलं. आई-बाबा येतील तेव्हा आणायला आणि सोडायला दोन्ही वेळा भरावे लागतील. सिव्हिकचं हे इंजिन २०१५ च्या फेसलिफ्टपासून युरो ६ झालं. त्याच वर्षी दोन्ही प्रकारच्या गाड्या रस्त्यावर आल्यामुळे अंदाजावर जाऊ नका. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या साइटवर नंबर टाकला की लगेच कळतं.

आता खरं काम. गाडी बघण्याआधी तिची एमओटी हिस्टरी वाचा. एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची सक्तीची तपासणी. सरकारी साइटवर फुकट मिळते, फक्त नंबरप्लेट लागते. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी होते, आणि प्रत्येक टेस्टला किती मैल झाले होते, कशात नापास झाली, कशाबद्दल ताकीद दिली हे सगळं तिथे असतं. माणूस काहीही सांगेल, हा कागद बदलत नाही.

आधी फक्त मैलांचे आकडे बघा. दोन टेस्टमधला फरक काढत जा. सिव्हिक वर्षाला नऊ-दहा हजार चालत आली असेल तर ती कुणाची तरी कामाला जायची गाडी होती, तुमच्यासारखीच. आधी पंधरा हजार आणि मग अचानक तीन वर्षं दोन-दोन हजार असं दिसलं तर गाडीचा धनी बदलला असावा, आणि ही शेवटची वर्षं कशी गेली ते विचारायला हवं. आकडा कधी मागे गेला असेल तर विषय संपला.

मग ॲडव्हायजरी, म्हणजे त्या ताकिदी, वाचा. एखाद्या वर्षी टायर झिजल्याची नोंद असणं काहीच नाही. पण तीच सूचना ओळीने तीन वर्षं येत असेल, म्हणजे ब्रेक पाइपला गंज, सस्पेन्शनच्या बुशा सैल, आणि कुणी हातच लावला नाही, तर त्या मालकाने ऑइलही वेळेवर बदललं नसणार असं समजा. गंजाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे पावसाचं पाणी बघायची सवय असते. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला लागून राहतं. वरून रंग नवा दिसतो आणि खाली सबफ्रेम, ब्रेक पाइप खाल्लेले असतात. ‘करोजन’ हा शब्द त्या यादीत जितक्या वेळा येईल तितकं सावध व्हा.

डिझेलच का, पेट्रोल का नाही, हेही विचारलंत. तुमचं वर्षाचं चालणं १७-१८ हजार मैल होईल. डिझेल गाडी गॅलनला ६० मैल देते आणि लिटर १.४५ पाउंड धरलं तर साधारण १,९०० पाउंड. तशीच पेट्रोल गाडी ४५ मैल आणि लिटर १.३५ धरून २,४०० च्या आसपास. फरक वर्षाला पाचेकशे पाउंडांचा. रोज मोटरवे असेल तर डिझेल हिशेबात बसतं, आठवड्यातून दोनच दिवस जायचं असतं तर मी पेट्रोल सांगितलं असतं. पण एक डीपीएफ किंवा एक ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला जोडलेलं जड चाक) बदलायची वेळ आली तर एक-दोन वर्षांची बचत त्यात गेली. म्हणून इतिहास नसलेली डिझेल कुठल्याही किमतीला नको.

सिव्हिकच्या त्या १.६ इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही. कार्बन उत्सर्जन किलोमीटरला ९४ ग्रॅम असल्यामुळे रोड टॅक्स वर्षाला फक्त २० पाउंड. एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या गाडीला सरसकट सुमारे २०० पाउंड पडतात, तेव्हा २०१७ ची गाडी बघताना नोंदणीचा महिना आवर्जून बघा. ही सिव्हिक स्विंडनमध्येच बनायची. तो कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला, पण गाडी नीट ओळखणारे मेकॅनिक त्या भागात सापडायला हवेत. स्वतंत्र गॅरेज शोधताना त्याचा उपयोग करून घ्या.

एक अडचण आहे: त्या पिढीत हे डिझेल फक्त मॅन्युअलमध्ये मिळतं. तुम्ही टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली असेल तर मॅन्युअल गाडी चालवायचा परवानाच तुमच्याकडे नाही, मग पुण्यात दहा वर्षं मॅन्युअल चालवलेली का असेना. तसं असेल तर टोयोटा ऑरिस हायब्रिड बघा. थोडं जास्त चाललेली घेतली तर बजेटच्या जवळपास बसेल. तिला क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, बिघडायला वस्तूच कमी. मोटरवेवर हायब्रिडचा फायदा शहराइतका मिळत नाही, तरी ५० च्या पुढे मैल मिळतात. टोयोटाच्या अधिकृत सेंटरमध्ये सर्व्हिस केली की १२ महिने किंवा १०,००० मैलांची वॉरंटी मिळते, गाडी दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची होईपर्यंत. तुमचे १०,००० मैल सहा-सात महिन्यांतच भरतील, तेव्हा सर्व्हिस वर्षातून दोनदा करावी लागेल हे धरून चाला. एवढ्या चालण्याला ती तशीही करायला हवी.

मॅन्युअल पेट्रोलच हवी असेल तर माझदा ३, दोन लिटरची. टर्बो नाही, चेन आहे, इंजिन साधं. फक्त खालचा गंज बघा.

कुठल्या टाळाव्यात? या बजेटमध्ये सगळ्यात जास्त दिसतील त्या एक लिटरच्या इकोबूस्ट इंजिनाच्या फोर्ड आणि १.२ प्युअरटेकच्या पेजो-सिट्रोएन. चालवायला छान आहेत. पण इकोबूस्टच्या सुरुवातीच्या वर्षांत आणि प्युअरटेकमध्ये टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. ऑइल वेळेवर बदललं नाही की बेल्टचे कण सुटतात, ऑइल पंपाची जाळी तुंबते, प्रेशर जातं आणि इंजिन खलास. बेल्ट बदलल्याचं बिल हातात असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं बिल क्वचित मिळतं.

गाडी ठरवण्याआधी इन्शुरन्सचा कोट काढा, आधी गाडी आणि मग कोट असं करू नका. नवा यूके लायसन्स म्हणजे प्रीमियम तुमच्या अंदाजापेक्षा बराच जास्त येईल. भारतातला नो-क्लेम बहुतेक कंपन्या धरत नाहीत, तरी जुन्या कंपनीकडून पत्र मागवून विचारून बघा. वापर सांगताना ‘कम्यूटिंग’ निवडा आणि मैल खरे लिहा. दोनशे पाउंड वाचवायला सात हजार मैल लिहिले आणि अपघात झाला तर क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं.

तुमच्याकडे ६,००० असतील तर गाडी ५,००० ची शोधा. उरलेले हजार पहिल्या महिन्यात लागतात: पूर्ण सर्व्हिस, कदाचित चार टायर, ब्रेक फ्लुइड.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड ठेवा म्हणून आधीच सांगा, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर काहीतरी लपवलंय. टायर बघा. चार वेगवेगळ्या स्वस्त कंपन्यांचे असतील तर मालकाचा स्वभाव कळतो. बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सर्व्हिसची पुस्तिका शिक्क्यांची असेल तर बिलंही मागा, शिक्का कुठेही मिळतो.

टेस्ट ड्राइव्ह गल्लीत घेऊ नका. ड्युअल कॅरेजवेवर ७० पर्यंत न्या. स्टिअरिंग थरथरतं का, ब्रेक मारताना थरथर वाढते का, वेगाबरोबर घरघर वाढते का (व्हील बेअरिंग). वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वाढले आणि वेग तिथेच राहिला तर क्लच गेलाय. खाजगी विक्रेत्याकडे चालवायची असेल तर आधी एका दिवसाचा इन्शुरन्स काढा.

डीलर की खाजगी? पहिली गाडी म्हणून तुम्हाला मी डीलर सांगेन. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने गाडी सदोष निघाली तर ३० दिवसांत परत देता येते. पावतीवर ‘सोल्ड ॲज सीन’ (जशी दिसते तशी विकली) लिहिलं तरी डीलरला त्यातून सुटता येत नाही. खाजगी विक्रेत्याबाबतीत हे संरक्षण नाही. फोन करताना नुसतं ‘गाडीबद्दल फोन केलाय’ म्हणा. पलीकडून ‘कुठल्या?’ आलं तर तो खाजगी नाही, डीलरच आहे आणि ते लपवतोय.

पैसे देण्याआधी कर्ज आणि अपघाताची तपासणी करा, फार तर वीस पाउंड लागतात. गाडी हप्त्यांवर असेल तर हप्ते फिटेपर्यंत मालकी फायनान्स कंपनीची असते. कॅट एस म्हणजे सांगाडा दुरुस्त केलेली, ती ७० च्या वेगाने रोज चालवायला मी घेणार नाही, कितीही स्वस्त असली तरी. व्ही५सी (गाडीच्या नोंदणीचा कागद) वरचं नाव-पत्ता आणि तुम्ही उभे आहात ते घर जुळतंय का बघा.

जुना रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही. व्ही५सीच्या हिरव्या स्लिपवरच्या नंबराने तिथेच फोनवर भरा, इन्शुरन्स सुरू करा, मगच किल्ली फिरवा. आणि ब्रेकडाउन कव्हर त्याच दिवशी घ्या, घरापर्यंत नेऊन सोडणारं. रेडिंगहून स्विंडनकडे जाताना जंक्शन १२ च्या पुढे हार्ड शोल्डर (बिघडलेली गाडी थांबवायची कडेची पट्टी) आहे, पण लंडनच्या बाजूला जंक्शन ३ ते १२ मध्ये तो नाही. तिथे गाडी अडखळायला लागली तर पुढच्या इमर्जन्सी एरियापर्यंत नेण्याचा प्रयत्न करा, नाहीच जमलं तर डावीकडे घेऊन हॅझर्ड लाइट लावा. गाडीबाहेर पडणं सुरक्षित असेल तर डाव्या दाराने उतरून बॅरिअरमागे जा, नसेल तर बेल्ट लावून आतच बसा, आणि ब्रेकडाउन कंपनीच्या आधी ९९९ लावा.