बंदुकीचा परवाना काढू का?

प्रश्न : वकीलताई, मुलगा टेक्सासला असतो. तिथले लोक कमरेला पिस्तूल लावून किराणा आणायला जातात म्हणे. आमच्या प्रतापनगरात भरदुपारी घरफोडी झाली तेव्हापासून तो मागे लागलाय, ‘बाबा, परवाना काढा.’ आम्ही दोघंच म्हातारे. काढू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : काका, भीती रास्त आहे, पण तिकडचा हिशेब वेगळा. शस्त्र बाळगणं हा अमेरिकेत 1791 पासून घटनेतला हक्क; टेक्सासमध्ये तर 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तुलासाठी परवानाही लागत नाही. आपल्याकडे 1959 च्या कायद्याने ती सरकारने दिलेली मुभा आहे. अर्ज पोलीस आयुक्तांकडे करायचा आणि गरज पटवून द्यायची.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र तुम्हालाही आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 बघा. रात्री कुणी दार फोडून घुसला, तर प्रसंगी त्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. पण गरजेपुरताच प्रतिकार. चोर पळत सुटल्यावर पाठीत गोळी घातली, तर आरोपी तुम्ही.

2004 मध्ये आपल्याच जिल्हा न्यायालयात जमावाने अक्कू यादवला, वस्तीतल्या बायांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या गुंडाला, मारलं, सुऱ्यांनी, डोळ्यांत तिखट फेकून. कस्तुरबानगरच्या बायांचा संताप मला आजही कळतो. 2014 मध्ये आरोपी सुटले, पण पुराव्याअभावी. स्वसंरक्षण म्हणून नव्हे.

माझं स्पष्ट मत, परवाना काढू नका. झोपेतून उठून थरथरत्या हाताने कपाटातलं पिस्तूल काढेपर्यंत ते चोराच्याच हाती जायचं. दाराला लोखंडी जाळी बसवा, आतून कडी लावा आणि 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर काकूंच्याही फोनमध्ये टाकून ठेवा.