हे कुणाच्या पापाचं फळ?

प्रिय ताई,

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे आणि प्रार्थनासभेतल्या बायका म्हणतात, घरात काहीतरी लपवलेलं पाप असणार, नाहीतर श्रद्धा कमी पडतेय. तुम्ही विचारता, देव आम्हाला शिक्षा करतोय का? आणि मला त्याचा राग येतो, हेही पापच का?

नाही, ताई. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही असंच आहे.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? दोघांचंही नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय त्या बायकांनाही वाचायला द्या. आणि श्रद्धेचं म्हणाल तर पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली त्यांच्या हयातीतच गेली. ज्या बाईने अख्खं बायबल मराठीत आणलं, तिची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची कुणाची प्राज्ञा आहे?

मग दुःख का? माणसाचं स्वातंत्र्य, पापाने बिघडलेली सृष्टी, अशी उत्तरं धर्मशिक्षणात मिळतात. ती खोटी नाहीत, पण डायलिसिसच्या खाटेपाशी बसलेल्या बाईला ती पुरत नाहीत. बायबलमधला ईयोब नीतिमान होता, तरी त्याचं सगळं गेलं; त्यालाही देवाने कारण सांगितलं नाही. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ठीक होतं. कारणं सांगायला लागले आणि देवाचा कोप ओढवून बसले. देवाशी भांडणारा ईयोबच माझ्याविषयी योग्य बोलला, असं देव म्हणाला. वधस्तंभावर तर येशूनेच टाहो फोडला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राचे शब्द आहेत. दुसरी प्रार्थना सुचत नसेल तर तेवढंच स्तोत्र म्हणा, रागाने म्हणा. आपला देव हे दुःख लांबून बघत नाही, तो त्यातून गेलाय. मला एवढाच आधार माहीत आहे आणि तो खरा आहे.

कुणी प्रार्थनेचं तेल लावून डायलिसिस थांबवा म्हणालं, तर अजिबात ऐकू नका. त्या बायकांना मात्र काम सांगा: पुढच्या वेळी चार तास कुणीतरी यांच्यापाशी बसा, मला घरी जाऊन अंघोळ करून दोन घास खायचेत. सांगायला जड जात असेल तर पाळकसाहेबांना सांगायला लावा.

तुमची,
मावशी