सिनेमात मोठा ऑर्केस्ट्रा सुरू झाला की डोळ्यांत पाणी का येतं?

तुम्ही म्हणताय की शब्दच नसतात तरी घसा दाटतो, असं का. मी काय म्युझिक शिकलेला माणूस नाही, पण आमचा मामा कोल्हापुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा, त्यामुळं थोडंफार कानावरनं गेलंय.

2016 ला 'सैराट' आला तेव्हा आम्ही घरातले सगळे बघायला गेलेलो, थेटरात शिट्ट्यांनी कान किट्ट, आणि 'याड लागलं'ला ती व्हायोलिनं एकावर एक चढत गेली तसा काटा किर्रर्र! अजय-अतुलनी ते हॉलिवूडला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर (म्हणजे सिनेमाचं संगीत रेकॉर्ड करायचा मोठा हॉल) खऱ्या वादकांकडनं वाजवून घेतलेलं, नुसती व्हायोलिन-चेलोची (चेलो म्हणजे व्हायोलिनचाच मोठा, खर्जातला भाऊ) फौजच 45 जणांची. मामा इंटरव्हलला चहा पिता पिता म्हणाला, कीबोर्डवर पण व्हायोलिन निघतंय की, पण चाळीस जण एकच सूर लावतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर इकडंतिकडं असतोय, कुणाचा गज जरा आधी कुणाचा जरा मागनं, त्यानंच आवाज असा भरून येतोय. सगळे अगदी तंतोतंत जुळले तर एकच माणूस वाजवतोय असं वाटंल म्हणे.

दुसरं म्हणजे वाट बघायला लावणं. 2011 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी लोकांना आवडतं संगीत ऐकवत मेंदूचे स्कॅन काढले, तर काटा यायच्या आधीच, नुसत्या चाहुलीनं डोपामाइन, म्हणजे मेंदूतलं मजा वाटायला लावणारं रसायन, सुटायला लागलेलं. सूर चढत असतो, ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, मागं दाबून धरलेलं असतं, आपल्याला कळतं आता फुटणार, आणि तिथंच आपण गेलेलो असतो. नुसत्या मोठ्या आवाजानं हे होत नाही, नाहीतर आमच्याकडं मिरवणुकीत डॉल्बीपुढं सगळी पोरं रडत उभी राहिली असती. (आणि मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर राहू द्या, चेलो सगळा खातो तो.)

पण मला विचाराल तर सैराटमध्ये त्या ऑर्केस्ट्राचा खरा दणका शेवटी बसतो, जिथं तो वाजतच नाही. जवळजवळ तीन तास कानाला सवय लावली आणि ते बारकं पोरगं पावलं टाकत बाहेर येतं तेव्हा सगळं गप्प. शिट्टीवाली पोरं गार. दिवे लागले तरी आई पदर तोंडाला लावून तशीच बसलेली, मी उठवायला गेलो तर मामा म्हणाला, बसू दे तिला.