हे त्याला कसं कळलं?

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. ‘मावशी, आता फक्त खरी पुस्तकं वाचायची ठरवलंय, खून-दरोड्यांत फार वेळ गेला,’ हे वाक्य वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून दिलं. लगेच लिहायला बसले असते तर नुसता राग उतरला असता. राग अजून आहे. पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलं आहेस, त्याला रागाने उत्तर देता येत नाही.

तू दोन पुस्तकं वाचलीस. दोन्ही नावाजलेली, दोन्ही प्राध्यापकांची. एक सांगतं की मनाचा निग्रह दिवसभर खर्च होत जातो आणि संध्याकाळी उरत नाही. दुसरं सांगतं की याला धड पुरावाच नाही. ‘दोघंही शास्त्रज्ञ, मग विश्वास कोणावर ठेवू?’ असं विचारतेस, आणि त्याच पत्रात रहस्यकथा सोडल्याचं कळवतेस. अगं, हा प्रश्न कसा सोडवायचा हे ज्या वाचनाने अंगवळणी पडतं, तेच नेमकं तू सोडून दिलंस.

तुला आठवतं का, लायब्ररीतल्या एका रहस्यकथेच्या बाराव्या पानावर कुणीतरी पेन्सिलने ‘खुनी डॉक्टर आहे’ असं लिहून ठेवलं होतं? तू तणतणत काउंटरवर आलीस, म्हणालीस, ‘सगळी मजा घालवली.’ मी तुला एवढंच विचारलं होतं, की ज्याने लिहिलं त्याला कसं कळलं? त्याने पुस्तक पुरं वाचलं होतं कशावरून? तू पुस्तक परत घेऊन गेलीस आणि दोन दिवसांनी उड्या मारत आलीस. डॉक्टर खुनी नव्हताच. पेन्सिलीच्या तीन शब्दांवर तू डोळे मिटून विश्वास ठेवला नाहीस, आणि आता जाड पुठ्ठ्याचं, मागे लेखकाचा फोटो असलेलं पुस्तक हातात आलं की ठेवतेस. हे मला पटत नाही.

हे त्याला कसं कळलं? पुस्तक कुठलंही असो, कथा असो की माहिती, हा एकच प्रश्न धरून ठेव. बाकी सगळा सल्ला तू विसरलीस तरी माझी हरकत नाही.

आधी तुझ्या निग्रहाचं बघू. त्या सिद्धांताचा गाजलेला प्रयोग १९९८ सालचा. भुकेल्या विद्यार्थ्यांसमोर ताजी भाजलेली बिस्किटं ठेवली, काहींना ती खाऊ दिली, काहींना फक्त मुळे खायला सांगितले. मग सगळ्यांना न सुटणारं कोडं दिलं. मुळेवाले लवकर कंटाळले. प्रयोगात माणसं होती अवघी सदुसष्ट. त्यावर पुढे शेकडो लेख उभे राहिले आणि २०११ साली सगळीकडे खपलेलं पुस्तक आलं. मग २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त माणसांवर याच कल्पनेची वेगळ्या कामांतून तपासणी केली, आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. आता तुझी दोन्ही पुस्तकं उघड आणि सुरुवातीच्या पानावर आवृत्तीचं साल बघ. पहिलं या तपासणीच्या आधीचं निघालं तर तुझा अर्धा गोंधळ तिथेच मिटला. पुस्तक हातात घेतलं की आधी साल बघावं, हे मी काउंटरवर बसून किती जणांना सांगितलं असेल! लोक मुखपृष्ठ बघतात.

म्हणून पहिलं पुस्तक लबाड ठरत नाही. नोबेल मिळालेले डॅनियल कानेमन यांनी २०११ सालच्या आपल्या पुस्तकात असेच काही छोटे प्रयोग अगदी ठामपणे मांडले होते. ते टिकत नाहीत असं दिसू लागल्यावर २०१७ साली त्यांनी जाहीरपणे लिहिलं की इतक्या थोड्या माणसांवरच्या प्रयोगांवर आपण नको तितका भरवसा ठेवला. माणसांचे निर्णय कुठे चुकतात, याचा अभ्यास करण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याची ही गोष्ट. मग तू कोण आणि मी कोण? विचारत राहायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

आता तुझ्या ‘खऱ्या पुस्तकां’तला एक खून सांगते. तो तू नक्की वाचला असशील, कारण लोकप्रिय मानसशास्त्राच्या पुस्तकांतून तो पिढ्यान्‌पिढ्या एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला आहे. १३ मार्च १९६४ ची पहाट, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. किटी जेनोव्हीज नावाची २८ वर्षांची तरुणी काम संपवून घरी येत होती. घराजवळ तिच्यावर चाकूने हल्ला झाला आणि ती मेली. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली की अडतीस सभ्य नागरिक खिडकीतून अर्धा तास हे पाहत राहिले आणि हल्ला चालू असताना कुणीही पोलिसांना फोन केला नाही. शहरातली माणसं दगड झाली, असं जगभर लिहिलं गेलं. गर्दीत माणूस मदतीला का जात नाही यावर प्रयोग सुरू झाले, पाठ्यपुस्तकांत धडे आले.

आता तू रहस्यकथा वाचणारी मुलगी आहेस असं समज आणि ही बातमी वाच. अडतीस जणांनी पाहिलं, हे वार्ताहराला कसं कळलं? पहाटे तीननंतरची वेळ, मार्च महिना, खिडक्या बंद. पहिला हल्ला रस्त्यावर झाला. एका शेजाऱ्याने वरून ओरडून हटकलं तसा हल्लेखोर पळाला. ती बिचारी उठून इमारतीच्या मागच्या बाजूला गेली. दुसरा हल्ला तिथे, जिन्याच्या तळाशी दाराच्या आत झाला. रस्त्याकडच्या खिडकीतून तो दिसणार कसा? आपल्या कुठल्याही बऱ्या रहस्यकथेतल्या गुप्तहेराने हे पहिल्या प्रकरणात विचारलं असतं. तो अडतीसचा आकडा मुळात पोलीस आयुक्तांनी टाइम्सच्या संपादकाला जेवणाच्या टेबलावर सांगितला होता. पुढे अभ्यासकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा घडतंय काय हे खरोखर समजलेले लोक अगदी मोजके निघाले. एक शेजारीण तर धावत खाली गेली होती, आणि किटी अखेरच्या घटका मोजत असताना तिला धरून बसली होती. बातमीत ती बाई आलीच नाही. २०१६ साली खुद्द टाइम्सने आपली बातमी सदोष होती असं छापलं. मध्ये बावन्न वर्षं गेली! त्या सगळ्या काळात ‘खरी पुस्तकं’ ही गोष्ट खरी म्हणून सांगत राहिली.

मला याचा संताप येतो. जी बाई खाली धावली तिला आख्ख्या जगाने निर्दय शेजाऱ्यांत मोजलं.

ट्रुमन कपोटीचं कॅन्ससच्या खुनांवरचं पुस्तक तू यादीत पहिलं लिहिलं आहेस. वाच, जरूर वाच. १९५९ साली होलकोम गावात एका शेतकरी कुटुंबातली चार माणसं मारली गेली, त्याची ती हकीकत. इतकं बांधेसूद लिहिलेलं गद्य क्वचित वाचायला मिळतं. पण मुलाखती घेताना तो टेपरेकॉर्डर वापरत नसे, समोर टिपणंही करत नसे, आणि पुस्तक अक्षरशः खरं आहे असा त्याचा दावा होता. शेवटचा स्मशानातला प्रसंग त्याने रचलेला आहे. तो वाचताना तुझ्या डोळ्यांत पाणी येईल तेव्हाही विचार, हे त्याला कसं कळलं? पाणी येऊ दे, त्याला माझी ना नाही.

उलट बाजूही बघ. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्की इथल्या रुग्णालयात औषधं तयार करण्याचं काम करत होती. विषांची तिची माहिती तिथली, हाताखालून गेलेली. १९७७ साली लंडनच्या एका रुग्णालयात कतारहून एक लहान मूल आणलं होतं. डॉक्टरांना निदान होत नव्हतं. तिथली एक परिचारिका ख्रिस्तीची कादंबरी वाचत होती. मुलाचे केस गळताना पाहून तिने कादंबरीतल्या विषाचं नाव घेतलं. तपासणी झाली, ते बरोबर निघालं, मूल वाचलं. कादंबरीचं नाव तुला सांगणार नाही, रहस्य फोडण्याचं काम मी आयुष्यात केलं नाही. पण ‘खोट्या’ पुस्तकात खरं ज्ञान आलं कुठून, याचं उत्तर औषधांच्या त्या कपाटापाशी मिळतं.

आणि शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉईल. जॉर्ज एडलजी नावाचा इंग्लंडमधला वकील. वडील मुंबईत जन्मलेले पारशी, ख्रिस्ती धर्म स्वीकारून ग्रेट वर्ली गावचे धर्मगुरू झालेले. १९०३ साली रात्री शेतात जाऊन जनावरं कापल्याच्या आरोपावरून मुलाला सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण कलंक तसाच राहिला. डॉईल त्याला भेटायला हॉटेलात गेला तेव्हा एडलजी वर्तमानपत्र वाचत बसला होता, कागद डोळ्यांच्या अगदी जवळ आणि थोडा तिरका धरून. डॉईल स्वतः डोळ्यांचा डॉक्टर. जवळ जायच्या आधीच त्याला कळलं की हा माणूस काळोख्या रात्री शेतं आणि रेल्वेचे रूळ ओलांडून जाऊच शकत नाही. न्यायालयात हे कुणी नीट विचारलंच नव्हतं. १९०७ साली एडलजीला माफी मिळाली, भरपाई मात्र एक पैसाही नाही. कथेतल्या गुप्तहेराचे डोळे ज्याने घडवले, त्यानेच ते खऱ्या माणसासाठी वापरले. आणि तू म्हणतेस, वेळ गेला!

तू म्हणशील, मावशी स्वतःचीच बाजू मांडते आहे. मांडतेच आहे. आमच्या कार्यकारी मंडळात एकदा ठराव आला, ‘जीर्ण व निरुपयोगी पुस्तके निर्लेखित करावीत,’ म्हणजे नोंदीतून काढून टाकावीत. निरुपयोगी म्हणजे कोणती, हे मी विचारलं. उत्तर आलं ते बाबूराव अर्नाळकरांचं कपाट. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेला माणूस, ज्याचा झुंजार आणि काळा पहाड वाचून आमच्या गावात कितीतरी जण अक्षरं जुळवण्यापासून पुस्तक संपवण्यापर्यंत आले. गुरुनाथ नाईकही त्याच कपाटात. मी विरोध नोंदवला, तो इतिवृत्तात आहे, कुणीही बघावा. दाखल रजिस्टरमध्ये त्या क्रमांकांपुढे लाल शाईने शेरे मारताना हात चालत नव्हता. खळ लावून, पाठीला कापडी पट्टी चिकटवून मी स्वतः जगवलेल्या प्रती रद्दीवाल्याने तागडीत टाकल्या. पुढे अर्नाळकरांचा अभ्यास करणारी मुलं विचारत आली तेव्हा दाखवायला नोंदी होत्या, पुस्तकं नव्हती. ती जखम आहे, आणि तुझ्या पत्रातल्या ‘वेळ गेला’ने तिच्यावरच बोट ठेवलं.

म्हणून सगळं सारखंच चांगलं, असं मी म्हणत नाही. अर्नाळकरांत पुरावा शोधायला बसू नकोस, तिथे वेग आहे, वेषांतरं आहेत, दारामागची चाहूल आहे. सुहास शिरवळकरांत संवाद बघ. पुराव्याची शिस्त हवी तर ख्रिस्तीकडे जा. एकदा कथा म्हणून वाच आणि खुनी कळल्यावर पहिल्या पानापासून परत वाच. दुसऱ्या वाचनात लेखिका कुठे काय उघड्यावर ठेवून गेली आणि तुझं लक्ष तिने कुठे वळवलं, ते दिसतं. हीच कसरत माहितीच्या पुस्तकावर कर. कुठला दावा दणक्यात केला, कुठला गुळमुळीत शब्दांत सरकवून दिला? ‘संशोधक सांगतात’ असं म्हटलं, तर कोणते संशोधक? टीप आहे का? टीप उघडली की निबंध निघतो की दुसरं लोकप्रिय पुस्तकच?

मराठीत याचा नमुना हवा तर अनिल अवचटांचं ‘माणसं’ घे. ते कुठे गेले, कुणाबरोबर बसले, कोण काय बोललं, हे वाचताना दिसत राहतं. त्यांना कसं कळलं हे वेगळं विचारावंच लागत नाही. या कसोटीला उतरणारं लिखाण ओळखायचं कसं, ते अशा पुस्तकातून कळतं.

आणि एक जोडी सांगते, तुझ्या दोन्ही कपाटांतली. १८६० साली इंग्लंडात रोड गावच्या एका घरात तीन वर्षांचं मूल मारलं गेलं. लंडनहून आलेला गुप्त पोलीस अधिकारी व्हिचर याने हरवलेल्या एका रात्रीच्या झग्यावरून घरातल्याच सोळा वर्षांच्या मुलीवर संशय घेतला. लोकांनी त्यालाच झोडपलं. १८६५ मध्ये त्या मुलीने कबुली दिली. विल्की कॉलिन्सने १८६८ साली ‘द मूनस्टोन’ लिहिली तेव्हा तो झगा त्याच्या कथेत आला, आणि कथेतला हिरा गेला तो आपल्या देशातून. खऱ्या खटल्यावर केट समरस्केलचं २००८ सालचं पुस्तक आहे, कोणती गोष्ट कोणत्या कागदावरून घेतली हे मागे टिपांत दिलेलं. दोन्ही लागोपाठ वाच, आधी कादंबरी. मग मला सांग, यातलं कुठलं टाकून द्यायचं ते.

‘द मूनस्टोन’ माझ्याकडे आहे. इंग्रजी आहे, छपाई बारीक आहे, पण तू चिकाटीची आहेस. रविवारी सकाळी ये, दुपारी मी पडते. येताना तुझं ते निग्रहाचं पुस्तक घेऊन ये, मागच्या टिपांसकट. दोघी मिळून एकेक टीप उघडून बघू.

तुझी,
लायब्ररीतली मावशी