सोमवारची पोटदुखी

अरे बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. नववीतली ती मुलगी दर सोमवारी पहिल्या तासाला पोट धरून बसते, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल आणि आता स्टाफरूममध्ये सगळे म्हणतायत नाटकं करते. तू तेवढं म्हणू नकोस. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखत नाही असं नसतं रे. मेंदू आणि आतडी नसांनी जोडलेली असतात, मनावर ताण आला की पोट खरंच दुखतं, आणि पोराला दुसरं काही सांगता येत नाही म्हणून ते पोटाचं नाव घेतं.

मी हे फार उशिरा शिकले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते तू बघितलंयस. पुढच्या पावसाळ्यात आठवीतला एक मुलगा, जोराची सर आली की पोटात दुखतंय म्हणून उठायचा. दोनदा ओवा देऊन घरी पाठवला, तिसऱ्यांदा मात्र सगळ्या वर्गासमोर ओरडले. तो काही बोलला नाही, खाली बसला आणि खिडकीतून बघत राहिला. नंतर त्याची वही तपासायला आली तर मागच्या पानावर नुसत्या आडव्या रेघा, प्रत्येक रेघेपुढे वेळ लिहिलेली. शाळेच्या पायऱ्या होत्या त्या, पाणी कुठवर चढलं ते मोजत होता पोरगा. पुराच्या रात्री आजीला घेऊन माळ्यावर बसला होता तेव्हा जिन्याच्या पायऱ्या अशाच मोजल्या होत्या त्याने. माझं ते ओरडणं अजून मला झोपू देत नाही.

म्हणून आधी हे शोध की सोमवारच का. रविवारी घरात कोण असतं, मुंबईहून कोण येतं-जातं, क्लासची टेस्ट सोमवारी असते का, एसटीत कोणी त्रास देतं का, मोबाईलवर काही फोटोबिटो फिरतायत का. दहावी जवळ आली की आपल्याकडे वेगळंच दडपण असतं, निकालात कोकण बोर्ड वर असतं त्याचा सगळ्यांना अभिमान, पण नव्वद टक्क्यांच्या खाली आलेल्या पोराला घरात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

बोलताना तुमच्या शाळेतल्या एखाद्या बाईंना बरोबर घे. व्हरांड्यात बसा, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही असं, समोर नको, शेजारी. "रविवारी संध्याकाळी कसं वाटतं गं?" एवढंच विचारा आणि मग गप्प बसा, हे गप्प बसणं आपल्या मास्तर लोकांना सगळ्यात जड जातं. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नकोस. लैंगिक त्रासाचं काही निघालं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवावंच लागतं, मग तिचा विश्वास कायमचा तुटेल.

आणि जगणं नको वाटतं असं जरा जरी जाणवलं तर सरळ विचारा, मरून जावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात येतं हा गैरसमज आहे, उलट पोराला सुटल्यासारखं होतं. हो म्हणाली तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी घरी जायचं आणि पहिलं काम म्हणजे आंब्याच्या फवारणीची औषधं पडवीतून हलवून कुलपात ठेवायला लावायची. आपल्याकडे ती घरोघरी असतात म्हणून सांगते. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलांसाठी १०९८ पण आहे. दोन्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव, पुसू देऊ नकोस.

मुलीची आजी म्हणेल बाहेरचं लागलंय, देवळात कौल लावू. तिच्याशी भांडू नकोस, म्हण की देवाचं करा, बरोबर डॉक्टरलाही दाखवू. भगत मारझोड किंवा उपाशी ठेवायला सांगत असेल तरच आडवा हो. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलंस की घरचे घाबरतील, त्यांच्या डोक्यात "वेड्यांचं हॉस्पिटल" हेच असतं, तेव्हा नीट सांग की ओपीडीत दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं.

येत्या सोमवारी तिला लगेच घरी पाठवू नकोस. गरम पाणी दे, बाईंच्या शेजारी बसू दे, बोलली नाही तरी चालेल. आणि संध्याकाळची एसटी गेली की मला फोन कर, मी वाट बघते.

तुझ्या बाई